वीस रुपयांचा आघाडा

गोव्यात आता आघाडा विकत मिळतो. वीस रुपयांना एक जुडी. जुडीत चार-पाच काड्या, केळीच्या सोपटाने बांधलेल्या, पानं जरा मलूल झालेली. चवथीच्या आधी दोन दिवस म्हापसा, फोंडा, डिचोली, पणजी कुठेही जा, माटोळीच्या बाजारात करमलं, कांगलं, घागऱ्या, आंबाडे यांच्या शेजारी या जुड्याही मांडलेल्या दिसतील.

विकणाऱ्या बायांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पहाटे उठून, भिजत, रान धुंडाळून, पहिल्या बसने टोपली घेऊन येणाऱ्या बाईने वीस काय, पन्नास मागितले तरी ते तिच्या श्रमाचे. माझी तक्रार आहे ती घेणाऱ्यांबद्दल. म्हणजे आपल्यासारख्या नोकरदार, बंगलीवाल्या, फ्लॅटवाल्या मंडळींबद्दल.

कारण आघाडा ही काही हिमालयातून आणायची वस्तू नव्हे. पहिला पाऊस पडला की तो आपल्या गडग्याच्या कडेला, गटाराच्या काठावर, जुन्या शाळेच्या मागे, स्मशानाच्या वाटेवर न सांगता उगवतो. ज्या गृहस्थांना मी परवाच्या चवथीला ही जुडी घेताना पाहिलं, त्यांच्या कंपाउंडात ऑगस्टच्या सुरुवातीला कमरेएवढा आघाडा होता. पावसाने दोन दिवस उघडीप दिली तशी त्यांनी माणूस बोलावून पंप मारून घेतला. आठवडाभरात सगळं पिवळं आणि मग तपकिरी. तेराव्या-चौदाव्या दिवशी बाजारात जाऊन तेच झाड वीस रुपयांना! गणपतीला एकवीस पत्री पाहिजेतच, आणि त्यात अपामार्ग पाहिजेच. पाहिजे तर खरा, पण आपल्या दारात नको.

आमच्याकडे याला ‘औषध मारणं’ म्हणतात. कोकणीत ‘वखद मारप’. हा शब्दप्रयोग ऐकला की मला राहवत नाही. ज्या झाडाला हजारो वर्षं औषध म्हणून ओळखलं त्याला आपण कचरा म्हणतो, आणि त्याच्यावर जे विष फवारतो त्याला औषध म्हणतो!

आता आघाडा म्हणजे नेमकं काय, हे सांगायची वेळ आली आहे का? आली आहे, असं मला वाटतं. आमच्या ऑफिसात परवा एका नव्या मुलीला (एम.कॉम. आहे, हुशार आहे) विचारलं, तर म्हणाली, “तें पुजेक लायतात तें पान मगो?” पान! झाड तिने पाहिलं असणार, रोज बसस्टॉपवर पाहत असणार. पण ते पान आणि ते झाड एकच, हा धागा तुटलेला.

तर आघाडा हा गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढणारा, सरळसोट झुडपासारखा. पानं समोरासमोर, जरा लवदार. श्रावणात कोवळा असतो. भाद्रपद उलटला की शेंड्याला एक लांब तुरा काढतो, वीतभर, कधी हातभर. त्या तुऱ्यावरची फुलं आधी वर तोंड करून असतात आणि फुलून झाली की मान खाली घालतात. बी धरलं की ते खाली वळलेलं, टोकदार. तुऱ्यावरून वरून खाली हात फिरवा, काही होत नाही. खालून वर फिरवा, हाताला टोचतं, आणि पाच-दहा बिया बोटांना चिकटून येतात. शेजारून नुसतं गेलात तरी साडीच्या काठाला, पँटच्या पायाला, गायीच्या शेपटीला, कुत्र्याच्या पोटाला माळ लागलीच म्हणून समजा.

आपल्या जुन्या वैद्यांनी हे सगळं टिपून ठेवलंय, आणि कसं, तर नावांतच. मी मराठी घेऊन बी.ए. केलं, संस्कृत जेमतेम. पण निघंटूतली आघाड्याची नावं वाचताना मजा येते. खरमंजरी, म्हणजे खरखरीत तुऱ्याची. अधःशल्य, म्हणजे काटे खाली वळलेला. दुर्ग्रहा, म्हणजे धरायला अवघड. आणि मर्कटी! माकडासारखी अंगाला बिलगणारी, असा अर्थ मी आपला लावून घेतलाय, वैयाकरणांनी हसावं. पण हे नाव ठेवणारा माणूस पुस्तकात बघून नाव ठेवत नव्हता एवढं नक्की. त्याच्या धोतराला ते बी चिकटलेलं होतं.

आणि अपामार्ग म्हणजे पुसून टाकणारा, धुऊन काढणारा. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात या झाडाला उद्देशून सूक्तं आहेत. करणी, शाप, दुःस्वप्न पुसून टाक म्हणून त्याला विनवलं आहे. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाच्या वेळी आघाड्याची डहाळी अंगावरून ओवाळायची असं धर्मशास्त्र सांगतं. आपल्याकडे त्या पहाटे कारीट फोडण्याचाच थाट मोठा, त्यामुळे डहाळी मागे पडली असावी. नवग्रहांच्या होमात बुधाची समिधा आघाड्याची. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला दूर्वा-आघाड्याची माळ. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायाचं नावच ‘अपामार्गतण्डुलीय’, कारण त्याची सुरुवात आघाड्याच्या बियांपासून होते. एवढ्या मोठ्या ग्रंथात दुसऱ्याच अध्यायाला मान कुणाचा, तर गटाराकडेच्या तणाचा! आणि हे सगळं जुनंपुराणंच असं समजू नका. भगंदरावर जे क्षारसूत्र वापरतात, बनारस हिंदू विद्यापीठात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्याच्यावर पुष्कळ काम झालं, त्या दोऱ्यावर निवडुंगाच्या जातीतल्या स्नुहीचा चीक, हळद आणि आघाड्याची राख भिजवून काढलेला क्षार यांची पुटं चढवलेली असतात. (कुणी वाचून घरी प्रयोग करू नयेत. ते शिकलेल्या वैद्याचंच काम.)

पण मला आज औषधीपणाबद्दल लिहायचं नाही. ‘उपयोगी आहे म्हणून ठेवा’ हा युक्तिवाद मला फारसा पटतही नाही. कारण मग जे उपयोगी नाही ते मारा, असा त्याचा दुसरा अर्थ होतो. मला लिहायचंय ते चिकटण्याबद्दल.

रानातली किती झाडं आपल्याला चिकटतात, कधी मोजलंय का? सड्यावर जा, पर्वरीच्या पठारावर किंवा कुठल्याही कातळावर, पावसाळा सरल्यावर. कुसळी गवत तांबूस होऊन डुलत असतं. दिसायला फार देखणं. पण त्यातून चालून या आणि मग तुमचे पाय बघा. त्या कुसळाची करामत अशी की बियाच्या शेपटीला पीळ असतो. हवा कोरडी झाली की पीळ आवळतो, दमट झाली की सुटतो. दिवसाचं ऊन, रात्रीचं दव, असा तो पीळ फिरत राहतो आणि टोकदार बी जमिनीत स्क्रूसारखं आत आत जातं. जमीन नाही मिळाली तर मोजा, मोजा नाही तर कातडी. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतो आपण, पण ते डोळ्यात जायला किती समर्थ आहे ते सड्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

वनभेंडी घ्या. गुलाबी, नखाएवढं जास्वंदीसारखं फूल, कुणाचंही मन जाईल. फळ मात्र बटणाएवढं आणि अंगभर आकडे. लोकरीला लागलं तर लोकर कापावी लागते. याच वनभेंडीच्या सालीपासून तागासारखा धागा निघतो. आफ्रिकेत काँगोकडे आणि ब्राझीलमध्ये तो काढण्यासाठी तिची लागवडही झाली. चित्रकाचं पांढरं फूल नाजूक. त्याच्या खालचा हिरवा कोष बोटाला लावा, गोंदासारखा चिकटतो, मुंग्या-चिलटं अडकून बसतात. घेटुळी, म्हणजे पुनर्नवा, जमिनीसरपट पसरते. तिची मोहरीएवढी फळं इतकी चिकट की चपलेच्या पट्ट्यालाही लागून येतात. उन्हाळ्यात वाळून गेल्यासारखी वाटते आणि पाऊस पडला की मुळातून परत. पुनर्नवा हे नाव देणाऱ्यालाही माझा नमस्कार.

आणि पिवळी तिळवण. ही माझी लाडकी, का ते सांगते. हिच्या खोडालाच चिकट लव असते, हात लावला की उग्र वास येतो, म्हणून पोरं एकमेकांच्या शर्टाला चिकटवतात. आपल्याकडे हिला कुणी विचारत नाही. आणि तिकडे उत्तराखंडात हिचं बी ‘जख्या’ म्हणून फोडणीला घालतात! आपण मोहरी घालतो तसं. बटाट्याच्या भाजीत ते दाताखाली कुरकुरतं. तिथे घरात जख्या नाही असं होत नाही, आणि इथे आपण त्याच झाडावर पंप मारतो.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल, तरी सांगून टाकते. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन रानात गेला होता. परतल्यावर कुत्र्याच्या केसांत बरडॉक नावाच्या झाडाच्या काटेरी बोंडांचा हा गुंता. त्याने वैतागून ती फेकली नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बारीक आकडे दिसले. पुढे दहा-बारा वर्षं खपून त्याने त्यावरून आकडा आणि फासा यांची ती पट्टी बनवली, जिला आपण व्हेल्क्रो म्हणतो. आज आपल्या पोरांच्या बुटांना तीच पट्टी असते. फक्त त्या बुटांना बी चिकटायची सोय आपण ठेवलेली नाही, कारण घरापासून शाळेच्या दारापर्यंत पंचायतीने पेव्हर बसवलेत.

मी डिचोली तालुक्यातली. शाळेतून घरी आलं की आईचा पहिला हुकूम, “आधी मोजे काढ, बाहेरच्या पायरीवर बस आणि साफ कर.” मग आम्ही तिघी बहिणी पायरीवर बसून एकेक बी काढायचो. हे कोणाचं, हे कुठलं, हे मळ्याच्या मेरेवरचं की खाणीच्या रस्त्याचं, हे त्यातून कळायचं. मोज्यावर आघाडा असला तर आई काही म्हणायची नाही. कुसळ असलं तर, “सड्यावर कित्याक गेल्लीं?” म्हणजे मोजे बघून आम्ही कुठल्या वाटेने आलो ते तिला कळत होतं! ती चौथी शिकलेली. पण त्या बियांची नावं तिला येत होती, आणि नुसती नावं नव्हे, तर कुठलं कधी येतं, कुठलं कुणाला चालतं, कुठल्याची भाजी होते. हे ज्ञान ती कुठे शिकली असेल? अशीच, पायरीवर बसून.

आता ऑफिसची गोष्ट. कुठलं खातं ते विचारू नका, मी यूडीसी आहे आणि मला अजून बरीच वर्षं नोकरी करायची आहे. माझ्या टेबलावरून गवत काढण्याच्या फायली जातात. पूर्वी कामाचं नाव असायचं ‘गवत कापणे’. दर चौरस मीटरवर, माणसं लागायची, चार-आठ दिवस चालायचं. कापलेलं गवत लोक गुरांना न्यायचे. गेल्या काही वर्षांत कागदावरचा शब्द बदलला. ‘रासायनिक पद्धतीने तण निर्मूलन’. एक माणूस, पाठीला पंप, एक दिवस. कोटेशन कमी, काम झटपट, फोटो सुंदर. कुणीही साहेब सही करणार, आणि त्यांची चूक तरी काय म्हणायची?

मागे अशीच एक फाईल आली. जागा एका बंद पडलेल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेची. आवार साफ करायचं होतं. टिपणीत लिहिलं होतं, ‘निरुपयोगी झाडोरा.’ जोडलेल्या फोटोत शाळेच्या पायऱ्या, गंजलेला ध्वजस्तंभ, आणि सगळीकडे आघाडा.

गोवेकरांना सांगायला नको, १९६१ नंतर खेड्यापाड्यांत शाळा पोचल्या त्या बहुतेक मराठीच. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात वाड्यावाड्यांवर त्या उघडल्या. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका अक्षर शिकल्या त्या तिथेच. २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा केवढं रणकंदन झालं ते आठवत असेल. त्या वादात मी आज शिरत नाही. पोरं कमी झाली, शाळा एकेक करून बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळेत मिसळल्या, एवढं डोळ्यांसमोर आहे. भाषाप्रेमाची भाषणं ठोकणाऱ्यांपैकी किती जणांनी आपली नातवंडं तिथे घातली, हा प्रश्न विचारला की सभेत शांतता पसरते, हेही पाहिलेलं आहे.

त्या फाईलवर माझ्या हातात काही नव्हतं. क्लार्कने टिपणी पुढे ढकलायची असते. मी फक्त खाली एक ओळ लिहिली, की आवारात पूर्वीची विहीर आहे आणि वाड्यावरची माणसं तिचं पाणी वापरतात, तरी फवारणीऐवजी कापणी करता येईल का ते पाहावं. फाईल परत आली. कापणी मंजूर! विहिरीमुळे हं, आघाड्यामुळे नव्हे. पण झालं ते बरं झालं.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही बाई पणजीत खुर्चीवर बसून गवताचे गोडवे गाते. गवतात साप असतात. फुरसं, घोणस, मण्यार, सगळेच आपल्याकडे आहेत, आणि म्हाताऱ्या माणसांच्या घराभोवती रान माजू देणं हा शहाणपणा नाही. दुसरं, माणूस मिळत नाही. मिळाला तर मजुरी परवडत नाही. काजूच्या बागायतदाराचं तर आणखीच अवघड: आपल्याकडे बोंडू झाडावरून तोडत नाहीत, खाली पडलेला वेचतात, त्यामुळे हंगामाच्या आधी झाडाखाली जमीन मोकळी पाहिजेच. पूर्वी घरची दहा माणसं कोयती घेऊन बेणायची, आता घरात दोघं आणि दोघंही साठीच्या पुढची. त्यांनी पंप घेतला तर मी त्यांना दोष देणार नाही. तो प्रश्न सरकारने सोडवायचा आहे. ग्रास कटरला, मजुरीला मदत देऊन.

माझं भांडण आहे ते जिथे गरज नाही तिथल्या फवाऱ्याशी. देवळाचं आवार, शाळेचं मैदान, रस्त्याची कड, कॉलनीतला मोकळा प्लॉट, बंगलीच्या मागचा हातभर पट्टा. इथे कापलं तर काय बिघडतं? यांत वापरतात ते बहुतेक ग्लायफोसेट. ते पानांतून शिरतं आणि मुळापर्यंत उतरतं, म्हणून झाड मुळासकट मरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने तसं मानलेलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढला की ते कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांनीच मारायचं. आमच्या शेजारच्या पंपवाल्याकडे परवाना होता का? त्याच्या पायांत चप्पल होती आणि तोंडाला काही नव्हतं, एवढं मी पाहिलं. कॅन्सर होतो की नाही यावर शास्त्रज्ञ भांडोत. पण त्या पोराला कुणीतरी निदान गमबूट द्या.

आणि जमिनीचं काय? गवत कापलं की मुळं जमिनीत राहतात. मारलं की मुळंही जातात. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उघडी पडलेली तांबडी माती अशा पावसात कुठे जाते? गटारात. मग गटार उपसायचं वेगळं टेंडर. ती फाईलही माझ्याच टेबलावरून जाते!

कायद्याने आघाड्याला काहीच संरक्षण नाही, हेही गमतीचंच. गोव्यात झाड तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. पण झाड म्हणजे काय हे कागदावर ठरतं. २०१६ साली त्या व्याख्येतून माड वगळला होता, तेव्हा ‘माड हे काय गवत?’ म्हणून सगळ्या गोव्याने ओरड केली. २०१७ मध्ये माड पुन्हा झाड झाला, शिवाय राज्यवृक्षही. माडाच्या पाठीशी उभं राहायला सगळा गोवा होता, आणि ते योग्यच होतं. आघाड्याच्या पाठीशी कोण उभं राहणार? तो तर आपल्याच पाठीला चिकटलेला.

या विषयावर बोललं की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं. “अहो, तण म्हणजे भायल्यांसारखं, एकदा घुसलं की सगळं व्यापतं.” सगळे हसतात. मला हे हसू आवडत नाही. खरी आक्रमक परदेशी झाडं आहेत, रानमोडीसारखी. अमेरिका खंडातून आली आणि बंद खाणींच्या वाटांवर, पडीक शेतांत तिने थैमान घातलंय. ती उपटली पाहिजे, उपटा. पण काजूही ब्राझीलचाच, मिरचीही तिकडचीच, आणि लाजाळू, जिला हात लावून आपण लहानपणी तासन्‌तास घालवले, तीही. कोण कुठून आलं याचा हिशेब करायला बसलो तर आपल्या ताटात काय उरेल? आणि माणसांना तण म्हणायची सवय लागली की मग त्यांच्यासाठीही ‘औषध’ शोधलं जातं. गोव्याच्या जमिनी कुणी कुणाला विकल्या हा प्रश्न गंभीर आहे. तो विकत घेणाऱ्याइतकाच विकणाऱ्यालाही विचारावा. गवताला मध्ये ओढू नये.

सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नरने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ करवून घेतला, ‘हॉर्तुस मलाबारिकुस’. त्या कामात तीन कोकणी वैद्य होते: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. ज्या समाजाचे ते, तो मूळचा आपल्या गोव्यातून तिकडे गेलेला. त्यांनी १६७५ साली नागरी लिपीत लिहून दिलेलं प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे. परमुलखात जाताना या लोकांनी देव नेले, असं आपण अभिमानाने सांगतो. त्यांनी पाल्यापाचोळ्याची ओळखही नेली होती, आणि राज्यकर्त्याला त्यासाठी त्यांच्या दारी यावं लागलं. आज आपल्या मुलांना आपल्याच गडग्यावरची दहा झाडं ओळखता येत नाहीत.

म्हणून मागणं अगदी साधं आहे. देवस्थान समित्यांनी, पंचायतींनी, कॉलनीच्या सेक्रेटरींनी चवथीच्या आधी कापून घ्यावं, फवारू नये. कापतानाही कुंपणाकडेचा हातभर पट्टा चवथ होईपर्यंत सोडावा. आघाडा, दूर्वा तिथेच मिळेल. पत्री तोडायला मुलांना बरोबर न्यावं, आणि परत आल्यावर त्यांच्या कपड्यांना काय काय लागलंय ते त्यांच्याकडूनच काढून घ्यावं. आघाड्याचं बी तुरा पिकल्यावर धरतं, आश्विन-कार्तिकात. तेव्हा ज्यांना तो वाढायला नको असेल त्यांनी चवथ झाल्यावर, तुरा हिरवा असतानाच कापावा. दुसऱ्या वर्षी आपोआप कमी होतो.

आणि ते कपड्यांचं. मागच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं होतं म्हणून लिहिते. आघाड्याचं बी बोटाने ओढत बसू नका, कपडा ताणून धरा आणि जुन्या फणीने एकाच दिशेने खरवडा, निघतं. वनभेंडीची बोंडं मात्र फणीने आणखी गुंततात. ती एकेक चिमटीत दाबून, फोडून काढायची. कुसळ कधीही आलं तसं मागे ओढू नये. त्याला उलटे केस असतात, मागे ओढलं की तुटतं आणि टोक आत राहतं. ज्या बाजूला घुसलंय त्याच बाजूने पुढे ढकलून पलीकडून काढायचं. चित्रकाचा चिकटा राहिला तर खोबरेल तेलाचं बोट लावायचं आणि मग साबण. साडी सुती असेल तर हे सगळं धुण्याआधी करा. पाण्यात पडल्यावर मग काही खरं नाही.